बारा बटणांची पट्टी

आमचे मास्तर अर्धं ताट जेवायचे. भूक नव्हती असं नाही. उजवीकडचा भात, उजवीकडची भाजी चाटूनपुसून साफ, आणि डावीकडचं वाढलं तसंच्या तसं. वर मलाच विचारायचे, "आज वाढताना हात आखडता का घेतलास गं?" मग मी ताट गर्रकन फिरवायची. डावीकडचं उजवीकडे आलं की यांचे डोळे मोठे व्हायचे. "अरेच्चा, भाजी आहे की!" पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्यांदा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तिसऱ्यांदापासून नुसतं ताट फिरवायला लागले. रडायला तरी वेळ कुठे होता?

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतले नव्हेत, शिलाईचे. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो म्हणून मीही पाठीमागे मास्तर म्हणते. तोंडावर 'अहो'. घरासमोरच, रस्त्यापलीकडे आमचं दुकान आहे. एकतीस वर्षं हे माप घेतात आणि कापतात, मी मशीन चालवते. भांडणं कापडाइतकीच झाली, पण एक नियम दोघांनीही कधी मोडला नाही. कच्चं काम दाराबाहेर जायचं नाही. यांनी काहीही करून ठेवलं तरी शेवटचा हात माझा. सुटलेला दोरा काप, ढिलं बटण पक्कं कर, तिरकी दुमड सरळ कर. त्यात विचारायचं काही नसायचं आणि सांगायचंही काही नसायचं. यांनी कापड टेबलाच्या कडेला सरकवलं की माझा हात आपोआप पुढे जायचा.

यांना पहिला झटका आला तो अगदी छोटा. हातातला खडू पडला आणि तोंडात टाचण्या धरल्यासारखं बोलायला लागले. तासाभरात सगळं ठीक. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तपासण्या लिहून दिल्या, आणि हे म्हणाले, "हंगाम संपू दे, मग बघू." मीही मान डोलावली. दोघंही अतिशहाणे! सात आठवड्यांनी दुसरा आला तो मात्र घराचं घरपण घेऊन गेला. डावा हात, डावा पाय, डावा गाल, सगळं ढिलं पडलं. मग कळलं की मूळ दुखणं हृदयात आहे. तिथली एक झडप बिघडलेली, तिच्यावर रक्ताची गुठळी धरते आणि डोक्यात जाते. झडप बदलायची म्हणजे छाती उघडायची. शर्टाची बटणपट्टी असते ना, बरोब्बर तिथून उघडली. शुद्धीवर आल्यावर चौथ्या दिवशी यांनी आरशात टाके बघितले आणि म्हणाले, "हात चांगला आहे, पण शेवटी घाई केलीय." तेव्हा मला वाटलं, चला, माझा माणूस परत आला.

पण पूर्ण परत आला नव्हता. डावीकडचा अजून कुठेतरी बाहेरच होता.

दवाखान्यात हाताचे व्यायाम करून घेणारी एक मुलगी होती. वयाने माझ्या लेकीएवढी, पण कामात एकदम पक्की. मी तिला बाई म्हणायचे, ती आम्हाला काका-काकू. तिने मला पहिल्याच दिवशी समजावलं. "काकू, काकांचे डोळे ठीक आहेत. पण मेंदू डाव्या बाजूकडे लक्षच देत नाही. त्यांच्या लेखी तिकडे काही नसतंच. तुम्ही डावीकडे बसलात तर तुम्हीसुद्धा नसता." आता एकतीस वर्षं संसार करून हे ऐकायचं! मी म्हटलं, "हे तर आधीपासूनच आहे हो." ती हसली. मी नाही हसले.

आणि वर ती रक्त पातळ ठेवायची गोळी. नवी झडप बसवली म्हणजे ही गोळी जन्मभर. डॉक्टर म्हणाले, "छोटंसं कापलं तर घाबरू नका, दाबून धरा. पण डोक्यावर पडता कामा नये. डोक्याला मार लागला तर आमच्या हातात फार काही राहणार नाही." त्या दिवसापासून घरातली प्रत्येक कड, प्रत्येक पायरी मला वैऱ्यासारखी दिसायला लागली. टेबलाच्या कोपऱ्यांना मी कापूस भरून गाद्या शिवल्या. वरच्या मजल्यावर राहणारी माझी नणंद खाली आली आणि म्हणाली, "वहिनी, आता भिंतींनापण झबलं घाल." वन्सं तोंडाने अशाच फटकळ. पण दोन्ही वेळा दवाखान्यात माझ्याबरोबर बाकावर बसल्या होत्या त्या त्याच.

दर गुरुवारी आम्ही बाईंकडे जायचो. आधी कागदावरचं असायचं, रेघा खोडा, घड्याळ काढा. यांच्या घड्याळात बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने उभे. काही दिवसांत ते सुधारलं. पण यांना त्याचा मनस्वी कंटाळा. "मी काय बालवाडीत आहे?" तेव्हा बाईंनी युक्ती काढली. जाड कापडाची दुहेरी पट्टी शिवून आणली, वीतभर लांब, आणि खडूने तिच्यावर एका ओळीत बारा ठिपके काढले. "काका, दर ठिपक्यावर एक बटण. घरी करायचं, निवांत. कुणी सांगायचं नाही, कुणी मदत करायची नाही." मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, इथे माझ्यासमोर ते मुद्दाम डावीकडे बघतात. कागद तर पाठच होतात लोकांना. घरी, आपल्या नादात, आपल्या हातचं काम करताना डावीकडे किती जातात, ते मला बघायचंय. मी त्याच्यावरच विश्वास ठेवणार आहे."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं तिने. मला बहाणा करायला जागा नाही.

पहिली पट्टी यांनी शनिवारी खिडकीपाशी बसून केली. डावा हात कापडावर नुसता वजनासारखा ठेवलेला, उजव्याने सुई. घाम आला होता. मी भाजी निवडत असल्यासारखं करत होते, पण जीव सगळा त्या सुईत. बोटाला टोचली तर? रक्त थांबलंच नाही तर? पाऊण तासात पाच बटणं झाली. सगळी उजवीकडची. हे म्हणाले, "झालं," दोरा कापला आणि पट्टी टेबलाच्या कडेला सरकवली.

ती सरकवायची पद्धत! तीच, एकतीस वर्षांची. हे आत जाऊन आडवे झाले, मी टेबल आवरायला घेतलं, पट्टी उचलली, आणि देवाशपथ सांगते, राहिलेल्यांतलं सातवं बटण लावून दोरा तोडला तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

उसवणार होते. खरंच. पण गुरुवार आला, मी पट्टी पिशवीत टाकली आणि मनात म्हटलं, तिथे गेल्यावर सांगू. बाईंनी पट्टी हातात घेतली, मोजली आणि ओरडलीच, "बारा! काका, बाराच्या बारा!" आणि यांचा चेहरा... काय सांगू? पाच महिन्यांत पहिल्यांदा यांचे दोन्ही गाल हसले. डावासुद्धा. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

एकदा झाकली मूठ, ती उघडायची कशी? पुढच्या आठवड्यात दुसरी पट्टी. मी स्वतःला सांगितलं, हुरूप आला तर माणूस लवकर बरा होतो. तिसऱ्या पट्टीला सांगितलं, आता मध्येच बटणं कमी झाली तर यांचं मन मोडेल. चौथीपासून सांगायचंही सोडून दिलं. यांनी पट्टी सरकवली की मी घ्यायची, रिकाम्या ठिपक्यांवर बटणं लावायची, ढिलं असेल ते काढून पक्कं करायचं, आणि पिशवीत टाकायची. यांनी किती लावली, कुठली लावली, हे मी मोजलंसुद्धा नाही. पट्टी उलटी धरली काय, सुलटी धरली काय, माझ्या लेखी तिला डावं-उजवं नव्हतंच. कच्चं आणि पक्कं, एवढंच मला कळतं.

तुम्ही म्हणाल, घरात तर दिसत असेल ना माणूस किती सुधारलाय ते. तेच तर! मी यांना काही करू दिलं असतं तर दिसलं असतं ना. ताट तर मी आता वाढल्या वाढल्याच फिरवून ठेवायची. डावी चप्पल उजवीकडे सरकवून ठेवायची. दाढीचा डावा गाल राहिला तर "थांबा, फेस पुसते" म्हणून वस्तरा फिरवून घ्यायची. यांना काय येतंय आणि काय नाही, हे यांनाही कळत नव्हतं आणि मलाही.

नवव्या गुरुवारी यांनी बाईंसमोर खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, मला एकट्याला दुकानात जायचंय. हिच्या हाताला धरून नाही. सगळा रस्ता बघतो हो. ज्यांची मापं मी घेतली, ते मला पोरासारखं चालवत नेताना बघतात."

बाईंनी यांना चालवून बघितलं, वळवून बघितलं, जिना चढायला लावला. मग कपाटातून फाइल काढून नऊच्या नऊ पट्ट्या टेबलावर एकाखाली एक मांडल्या. एकशे आठ बटणं. बराच वेळ बघत होती. "काका, कागदावर मी इतकी लवकर हो म्हटलं नसतं. पण हे तुम्ही घरी केलंय, कुणी न सांगता." तिने सही केली. "सोमवारपासून जा. दिवसाउजेडी, गर्दी नसताना. एकटे."

मी म्हटलं, "बाई, अजून महिनाभर थांबूया का? उगीच घाई कशाला?"

हे माझ्याकडे वळले. "तुला मी बरा झालेला नकोय का?"

माझ्या नाकावर एरवी राग असतो, शब्दाला शब्द असतो. त्या दिवशी पिशवी उचलली आणि यांच्या मागून निघाले.

शुक्रवारी मी वर जाऊन वन्संना सगळं सांगून टाकलं. त्या कपडे घड्या घालत होत्या. हातातला टॉवेल तसाच राहिला. "वहिनी! अगं, हे काय करून बसलीस? दादाला आत्ताच्या आत्ता सांग."

"सांगते हो."

"सांगते हो नाही. सांग! का मी सांगू?"

"नको. माझं मी निस्तरते."

निस्तरते म्हणे! शनिवारी यांनी मिशी कातरली. रविवारी शर्टाला स्वतः इस्त्री केली, एका हाताने, अर्धा तास. मी दारात उभी राहून म्हटलं, "अहो, ऐका ना." हे म्हणाले, "दुकान उघडलं की आधी ती मोठी कात्री धारेला लावायची. गंजली असेल बिचारी." आणि असे हसले की माझ्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. मी म्हटलं, "हो, गंजली असेल." मग स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

सोमवारी दहा वाजता हे निघाले. दुकानाची किल्ली खिशात. मला बजावलं, "खिडकीत उभी राहा हवं तर. खाली यायचं नाही." मी हो म्हटलं आणि हे जिना उतरले तशी अनवाणी पाठोपाठ उतरले. वर गॅलरीत वन्सं दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेने विचारलं, सांगितलंस? मी मान हलवली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

हे फुटपाथच्या कडेला थांबले. उजवीकडे नीट बघितलं. एक गाडी गेली, दुसरी गेली, तिसरी जाईपर्यंत थांबले. किती शहाण्यासारखे! मग पाऊल टाकलं. मी मनात म्हणत होते, आता डावीकडे बघा. अहो, आता डावीकडे बघा. अर्धा रस्ता ताठ मानेने गेले. डावीकडून पावाची गाडी येत होती, काही फार जोरात नाही, रोजच्यासारखी. ड्रायव्हरने हॉर्न दिला. यांनी त्या हॉर्नकडे उजवीकडेच वळून बघितलं.

मी धावले ते मला आठवत नाही. ब्रेकचा आवाज आठवतो, आणि माझ्या मुठीत यांची कॉलर आठवते. गाडी हातभर अंतरावर थांबली होती. आतले पाव सगळे पुढे येऊन आदळले. ड्रायव्हर बाहेर डोकं काढून ओरडला, "आजोबा, मरायचंय का? एवढी मोठी गाडी दिसत नाही?"

हे त्याच्याकडे बघतच राहिले. "कुठून आला हा?" म्हणाले. "रस्ता मोकळा होता. मी बघितलं होतं. कुठून आला हा?"

दुकान जवळ होतं म्हणून तिकडेच नेलं. शटर मी वर केलं. आत धूळ, बंद कापडाचा वास. यांना स्टुलावर बसवलं. डोकं चाचपलं, मान, कोपर, गुडघे, कुठे लागलं नव्हतं.

"मॅडम म्हणाल्या मी बरा आहे," हे म्हणाले. "बाराच्या बारा लावली मी. नऊ आठवडे. मग ही गाडी मला का दिसली नाही?"

आणि मी सांगितलं. लाडीगोडी नाही, आडवळण नाही. "तुम्ही बारा नाही लावली. राहिलेली मी लावत होते."

"कुठल्या पट्टीवर?"

"सगळ्या."

"नऊच्या नऊ?"

"हो."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाले, "आत्ता मी त्या गाडीखाली गेलो असतो ना, तर तुझ्या टाक्यांच्या भरवशावर गेलो असतो." मग किल्ली माझ्या हातात दिली. "चल घरी. धर मला."

तीन दिवस माझ्याशी अबोला. लग्न झाल्यापासून एवढा लांबला नव्हता. निरोप सगळे वन्संमार्फत. "वहिनी, दादा म्हणतो आमटीत मीठ नाही." "वन्सं, दादांना सांगा, मीठ डॉक्टरांनी बंद केलंय." "वहिनी, दादा म्हणतो ताट फिरवू नकोस." ते मात्र मी ऐकलं. हात पाठीमागे बांधून उभी राहिले. हे अर्धं जेवले, थांबले, मग उजव्या हाताने ताटाची कड धरून स्वतःच हळूहळू फिरवली. मला गहिवरून आलं, पण सांगणार कुणाला?

गुरुवारी दवाखान्यात खुर्चीवर टेकायच्या आधीच मी बाईंना सगळं सांगितलं. पावाच्या गाडीसकट. ती पांढरीफटक पडली. मला वाटलं होतं, समजून घेईल, जाऊ दे काकू म्हणेल. कशाला म्हणेल? "काकू, मी या पट्ट्यांवर सही केली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना, मी फक्त घरच्या पट्टीवर विश्वास ठेवणार आहे म्हणून? काकांना काही झालं असतं म्हणजे?" मी पदर तोंडाला लावला.

तेव्हा हे बोलले. "मॅडम, पट्ट्या काढा. आणि दोरा कापायची कात्री द्या."

"कशाला काका?"

"हिचं हिला परत देतो."

बाईंनी बोथट टोकाची छोटी कात्री दिली. यांनी पहिली पट्टी पुढ्यात घेतली. डोळ्यांनी नाही, अंगठ्याने बघायला लागले. बटणाखाली अंगठा घालायचा आणि दोऱ्याचे वेढे चाचपायचे. माझे तीन वेढे आणि खाली गाठ. यांचे चार वेढे, आणि गाठ कधीच नाही. दोऱ्याचं टोक हे कापडाच्या दोन थरांमध्ये लपवतात. त्यांच्या वडिलांची पद्धत. मला ती कधी जमली नाही, आणि मी शिकायचा प्रयत्नही केला नाही. गाठ मारली की काम झालं.

माझं बटण आलं की कात्री लावायचे, बटण टेबलावर टक् करून पडायचं. पट्टीचं उजवं टोक संपलं की पट्टीच फिरवून घ्यायचे. मी गुन्हेगारासारखी समोर बसले होते. एकेक बटण पडलं की आत कुठेतरी टोचायचं.

पहिल्या पट्टीवर पाच उरली. दुसरीवर पाच. तिसरीवर सहा, चौथीवर पुन्हा पाच. मला आठवलं, यांना ताप आला होता तो आठवडा. पाचवीवर सात. बाई पुढे वाकली. सहावीवर सहा. सातवीवर आठ. आठवीवर आठ, पण आधीपेक्षा नेटकी. बाईंनी पेन काढून लिहायला सुरुवात केली होती. तिचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. "काका," ती म्हणाली, "तुम्ही डावीकडे सरकताय. दर आठवड्याला थोडं थोडं सरकताय. मला हे दिसलंच नाही. मला हे कुणी दिसूच दिलं नाही."

नववी पट्टी. उजवीकडून नऊ बटणं यांची. मग माझी तीन. यांनी पहिलं काढलं, दुसरं काढलं. तिसरं, अगदी डाव्या टोकाचं, त्याचेही दोरे कापले. बटण पडलं. पण हे थांबले. अंगठा तिथेच फिरवत राहिले. मग बाईंकडे सुई मागितली आणि सुईच्या टोकाने कापडाच्या दोन थरांमधून काहीतरी बाहेर ओढायला लागले. डावा हात पट्टी धरून होता, थरथरत, पण धरून.

दोऱ्याचा तुकडा बाहेर आला. नखाएवढा. गाठ नसलेला.

"हे माझं आहे," हे म्हणाले.

बाईंनी पट्टी उजेडात धरली. खडूच्या ठिपक्याशेजारी सुईची आणखी चार भोकं होती, माझ्या भोकांहून वेगळी, जरा तिरकी. मधल्या दोन जागा सोडून, पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला, यांनी एक बटण लावलं होतं.

"काकू," बाईंनी हळूच विचारलं, "हे तुम्ही काढलंत?"

काढलं असणार. मला आठवतसुद्धा नव्हतं. लोंबत असेल, तिरकं असेल, म्हटलं असेन, हे काय बाई! कच् करून कापलं असेल आणि माझं पक्कं लावलं असेल. नऊ आठवडे माझा माणूस मर मर करून त्या टोकापर्यंत पोचला, आणि ते पहिलं बटण मी उसवून टाकलं. का, तर नीट नव्हतं म्हणून. मी टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. बाहेर बसलेली माणसं डोकावून बघायला लागली. बघेनात का!

डोक्यावर हात आला. जड, ओबडधोबड, नीट न उघडणारा. यांचा डावा. "पुरे," हे म्हणाले. "ढिलंच असेल ते. मी असतो तरी काढलं असतं."

तीन दिवसांतलं माझ्याशी पहिलं बोलणं.

बाईंनी परवानगीचा कागद फाडला. एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही. किती दिवस, ते ती सांगू शकत नाही. तिने नवीन पट्टी दिली, आणि माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, "काकू, हात लावलात तर बघा." मी म्हटलं, "बांधून ठेवते हात." हे म्हणाले, "मी बांधतो."

परत आलो तेव्हा दुपार टळली होती. रिक्षा दुकानाच्या बाजूला थांबली, म्हणजे घरी जायला रस्ता ओलांडायचा होता. मी यांचा डावा दंड धरला. मी उजवीकडे बघितलं, काही येत नव्हतं. पाऊल उचललं, पण हे हलले नाहीत.

"ओढू नकोस," म्हणाले. "बघू दे मला."

उजवीकडे बघितलं. मग मान वळवायला लागले. सावकाश, कुरकुरत, छाती, खांदा सगळं घेऊन. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती, कानामागचे पांढरे केस दिसत होते. किती वेळ लावतात, हे वाटत होतं आणि वाटू नये असंही वाटत होतं. कुणीतरी मागून "चला हो" म्हणालं. मी वळून त्याच्याकडे असं काही बघितलं की तो दुसरीकडून गेला.

"थांब," हे म्हणाले. "डावीकडून सायकल येतेय."

मी बघितलं. खरंच येत होती, कडेकडेने, पाठीवर मोठं दप्तर घेतलेली मुलगी. मला ती दिसली नव्हती. मी यांच्याकडेच बघत होते.

सायकल गेली. मग आम्ही निघालो.